फोन तीनदा फॉरमॅट मारला, तरी ॲप्स ओळखतातच! नेमकं अडतं कुठे?

कराडला माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात झेडपी शाळेतले एक शिक्षक तोच फोन घेऊन तिसऱ्यांदा आले. "दादा, परत एकदा फॉरमॅट मारा. दोन दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच." तेच म्हणजे कर्जाच्या जाहिराती. आदल्या वर्षी आईच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले म्हणून त्यांनी एका ॲपवरून चाळीस हजार उचलले होते. हप्ते वेळेवर फेडले, ॲप काढून टाकलं. तरी व्हिडिओ उघडा, बातम्या उघडा, पंचांग उघडा, "पाच मिनिटांत पैसे खात्यात" हजर. वर्गात ज्वालामुखीचा व्हिडिओ लावला तर त्याच्या आधी हीच जाहिरात आली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला पैसे हवेत का?" हे सांगताना सरांचा आवाज बदलला. अडचणीत घेतलेलं कर्ज ही माणसाची खासगी गोष्ट. त्याच्याच खिशातल्या फोनने ती चारचौघांत बोलून दाखवावी, हे मला अजिबात पटत नाही.

आधीच्या दोन्ही वेळी मी कारण न शोधता फॉरमॅट मारून फोन परत दिला होता. ती चूक होती. तिसऱ्या वेळी मात्र वही घेतली.

अँड्रॉइड फोनला गूगल एक जाहिरात आयडी देतं. २०१३ पासून ही सोय आहे. बत्तीस अंक-अक्षरांची, पाच गटांत तोडलेली एक ओळ असते, आणि सगळी ॲप्स तीच ओळ वाचतात. त्यामुळे रिक्षाच्या ॲपमधला फोन आणि पंचांगाच्या ॲपमधला फोन एकच आहे, हे जाहिरातवाल्यांना समजतं. फॉरमॅट मारण्याआधी मी त्या ओळीची शेवटची चार अक्षरं वहीत लिहून घेतली. फॉरमॅट झाल्यावर पुन्हा पाहिली, तर वेगळी होती. म्हणजे फॉरमॅटने आपलं काम चोख केलं होतं. तरीही बुधवारी सर परत दुकानात. फोन नवा, आयडी नवा, आणि जाहिराती जुन्याच.

याचा अर्थ एवढाच निघतो, की नव्या आयडीला "हा तोच जुना माणूस" असं कोणीतरी सांगतंय. मग त्या रविवारी अर्धं शटर ओढलं, सरांना शेजारी स्टुलावर बसवलं आणि तो "कोणीतरी" शोधायला लागलो. महिन्याला चार-पाच जण तरी हीच तक्रार घेऊन येतात. कोणाला कर्जाच्या, कोणाला औषधांच्या, कोणाला लग्न जुळवण्याच्या जाहिराती. म्हणून सापडलं ते सविस्तर लिहितोय.

नवा आयडी जुन्या नावाला कोण जोडतं

पहिला धागा बॅकअपचा. फॉरमॅटनंतर फोन चालू केला की तो विचारतो, जुनी ॲप्स आणि डेटा परत आणू का? आपण सगळेच "हो" दाबतो. सरांनीही दाबलं होतं, आणि तासाभरात त्रेसष्ट ॲप्स जागच्या जागी आली. लोकांना वाटतं फक्त ॲप्स येतात. तसं नाही. अँड्रॉइड ६ पासून प्रत्येक ॲपचा २५ एमबीपर्यंतचा खासगी डेटा आपोआप गूगल ड्राइव्हवर जातो, आणि ॲप परत टाकलं की तो परत येतो. पुष्कळ ॲप्स पहिल्यांदा उघडल्यावर स्वतःचा एक क्रमांक तयार करून आपल्या फाईलमध्ये लिहून ठेवतात. नीट बांधलेली ॲप्स ती फाईल बॅकअपमधून वगळतात, पण सगळीच वगळत नाहीत. मग आपण फोन धुऊनपुसून स्वच्छ करतो आणि बॅकअप जुनी ओळखपत्रं पुन्हा त्याच्या खिशात घालतो. ॲप उघडलं की जुना क्रमांक आणि नवा जाहिरात आयडी एकाच निरोपात सर्व्हरला जातात. संपलं, जोडणी झाली.

दुसरा धागा याहून पक्का: मोबाईल नंबर. आपल्याकडे दूध मागवायचं तरी ओटीपी लागतो. एकच नंबर वीस ठिकाणी दिलेला असतो, आणि या कंपन्या ग्राहकांच्या नंबरांची यादी सांकेतिक रूपात जाहिरातीच्या जाळ्यांना देऊ शकतात. तिथे त्यांच्याकडच्या यादीशी ती जुळवली जाते. फोन बदला, आयडी बदला, नंबर तोच असला तर माणूस तोच. सरांनी फॉरमॅटनंतर पहिल्या संध्याकाळी अकरा ॲप्समध्ये त्याच नंबरने लॉगिन केलं होतं. मी मोजायला सांगितलं तेव्हा त्यांनाही धक्का बसला.

तिसरा धागा गूगल खातं. काय शोधलं, काय पाहिलं याचा इतिहास फोनमध्ये नसतो, खात्यात असतो. फोन फॉरमॅट केल्याने खातं फॉरमॅट होत नाही.

वेबवर हा खेळ जुना आहे. २०१० साली सॅमी कामकार या प्रोग्रॅमरने एव्हरकुकी नावाचा नमुना करून दाखवला होता. एकच ओळख ब्राउझरच्या अनेक कोपऱ्यांत लिहून ठेवायची. एका कोपऱ्यातली पुसली की दुसऱ्या कोपऱ्यातून ती परत लिहिली जाते. सरांच्या फोनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चाललं होतं. म्हणून एकेक करून पुसण्यात अर्थ नाही. सगळं एका बैठकीत पुसायचं, आणि क्रम पाळायचा. आयडी आधी बदलून ॲप्स नंतर काढली, तर मधल्या दहा मिनिटांत जुनी ॲप्स नवा आयडी घेऊन मोकळी झालेली असतात.

आयएमईआयच्या मागे लागू नका

दुकानात सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे: "आयएमईआय (म्हणजे फोनला कंपनीतूनच मिळालेला कायमचा क्रमांक) बदलून मिळेल का?" नाही मिळणार, आणि या तक्रारीवर त्याचा उपयोगही नाही. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, प्ले स्टोअरवरच्या साध्या ॲपला आयएमईआय किंवा फोनचा सिरियल नंबर वाचताच येत नाही. ॲपला मिळतो तो अँड्रॉइड आयडी, आणि तोही २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक कंपनीच्या ॲपला वेगळा मिळतो. ॲप काढून परत टाकलं तरी तो बदलत नाही, फॉरमॅटने बदलतो. तुमचा फोन अँड्रॉइड ९ किंवा त्याहून जुना असेल तर मात्र "फोन" ही परवानगी दिलेलं ॲप आयएमईआय वाचू शकतं. अशा फोनवर ती परवानगी डायलर सोडून सगळ्यांची काढा.

आणि कायद्याचं सांगतो, कारण यात माझ्यासारखे दुकानदारही अडकतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ खाली दूरसंचार ओळख क्रमांकांशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आयएमईआय त्यातच येतो. कोणी पाचशे रुपयांत करून देतो म्हणाला तर फोन उचलून तिथून निघा.

आम्ही काय केलं, त्याच क्रमाने

पहिली गोष्ट, जे हरवायला नको ते बाजूला काढलं. फोटो, संपर्क आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप ही तिन्ही ॲप-डेटाच्या बॅकअपपेक्षा वेगळी असतात. संपर्क गूगल खात्यात जमा झालेत का, व्हॉट्सॲपचा बॅकअप आजचा आहे का, एवढं डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी एकदा गृहीत धरलं होतं आणि एका ताईंचे त्यांच्या वडिलांबरोबरचे जुने मेसेज गेले. ते मला आजही टोचतं.

मग ॲप काढण्याआधी त्यातलं खातं बंद केलं. हे बहुतेक जण करत नाहीत. ॲप काढलं म्हणजे फोनवरून गेलं, कंपनीच्या नोंदीतून नाही. खातं बनवू देणाऱ्या ॲपने ते मिटवण्याचीही सोय दिलीच पाहिजे, असा आता प्ले स्टोअरचा नियम आहे. ॲपच्या पानावर "डेटा सुरक्षितता" या विभागात खाली जा, खातं हटवण्याची लिंक सापडते. सरांच्या अकरापैकी सात खाती आम्ही अशी बंद केली. एकेकाला पाच-सात मिनिटं लागली. दोन ठिकाणी ओटीपी दोनदा आला, एका ठिकाणी "तुम्ही का जाताय" म्हणून सहा प्रश्न विचारले. चिकाटी लागते.

कर्जाच्या ॲपचं प्रकरण वेगळं हाताळलं, कारण तिथे रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्या बाजूचे आहेत. डिजिटल कर्जाच्या नियमांत २०२२ पासून स्पष्ट म्हटलंय, की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाईली, संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन हे फक्त सुरुवातीच्या केवायसीपुरतं, एकदाच, तेही विचारून. आणि दिलेली संमती मागे घेण्याचा, माहिती पुसायला लावण्याचा पर्याय कर्जदाराला मिळाला पाहिजे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोधून सरांनी माझ्या काउंटरवरच लिहिलं: "माझे कर्ज पूर्ण फिटले आहे. माझी माहिती वापरण्यास व इतरांना देण्यास दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे. कायद्याने ठेवणे आवश्यक आहे ती सोडून माझी सर्व माहिती पुसावी आणि तसे लेखी कळवावे." कर्जाचा क्रमांक आणि तारीख घातली. नऊ दिवसांनी उत्तर आलं, होकाराचं. नमुना हवा असेल तर हाच उतरवून घ्या.

त्यानंतर खात्याची साफसफाई. गूगल खात्यात "डेटा आणि गोपनीयता" उघडायचं. वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी थांबवायची, जुनी पुसायची. अगदी थांबवायची नसेल तर तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं लावायचं. "माझे जाहिरात केंद्र" मध्ये वैयक्तिक जाहिराती बंद. यूट्यूबचा इतिहास वेगळा असतो, तो विसरू नका.

एवढं झाल्यावर फॉरमॅट. या वेळी फोनने "जुनं परत आणू का" विचारलं तेव्हा "कॉपी करू नका" दाबलं. घाबरू नका, खातं टाकलं की संपर्क येतात, फोटो येतात. त्रेसष्ट ॲप्स तेवढी येत नाहीत. आणि कोणतंही ॲप टाकण्याआधी लगेच सेटिंग्जमध्ये गूगल, तिथे जाहिराती. नाव आणि जागा कंपनीप्रमाणे थोडी बदलते. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत "जाहिरात" लिहा. तिथे दोन पर्याय दिसतात आणि इथेच लोक चुकतात. "आयडी रीसेट करा" म्हणजे नवा आयडी मिळतो. "आयडी हटवा" म्हणजे आयडीच जातो; ॲपने विचारलं तर त्याला नुसती शून्यांची माळ मिळते. आपल्याला हटवायचाच आहे. हटवल्यावर त्याच जागी "नवा जाहिरात आयडी मिळवा" असं बटण दिसलं, की काम झालं समजा. ते बटण घरात कोणी दाबू नये एवढं बघा.

कंपन्यांचे स्वतःचेही कप्पे असतात. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये पासवर्ड आणि सुरक्षा, मग गोपनीयता, मग जाहिरात सेवा: तिथल्या वैयक्तिक शिफारसी बंद करा. सॅमसंगमध्ये गोपनीयतेखाली कस्टमायझेशन सर्व्हिस असते, ती बंद करा.

मग ॲप्स हाताने, एकेक करून. सरांना विचारलं, खरंच कोणती लागतात? त्रेसष्टपैकी एकोणीस निघाली. टॉर्चचं वेगळं ॲप, पीडीएफची तीन ॲप्स, कोणी तरी पाठवलेला कीबोर्ड, हे काहीच लागत नव्हतं. प्रत्येक ॲप उघडल्यावर परवानग्या मागितल्या की थांबून वाचायचं. पंचांगाला संपर्क कशाला हवेत?

मला सगळ्यात बोलकं वाटलं ते पुढचं. मी सरांच्या फोनवर डकडकगोचं ब्राउझर टाकलं आणि त्यातलं ॲप ट्रॅकिंग संरक्षण चालू केलं. ते फोनच्या आतच व्हीपीएनसारखं (म्हणजे फोनची इंटरनेट वाहतूक ज्यातून जाते अशा नळीसारखं) बसतं आणि इतर ॲप्सनी ट्रॅकिंग कंपन्यांकडे पाठवलेल्या विनंत्या अडवून त्यांची यादी दाखवतं. फोन काउंटरवर ठेवला, आम्ही दोघं चहा प्यायला समोर गेलो. परत आलो तर एका बातम्यांच्या ॲपच्या नावापुढे नोंदींची रांग लागलेली. फोनला कोणी बोटही लावलं नव्हतं. नोंद उघडली की त्या ट्रॅकिंग कंपन्या साधारण काय काय गोळा करतात ते दिसतं: फोनचं मॉडेल, स्क्रीनची घनता, बॅटरी किती टक्के, आतली मोकळी जागा, टाइम झोन, सिम कोणत्या कंपनीचं. सर म्हणाले, "बॅटरीशी यांचा काय संबंध?" संबंध हा, की यातली एकही गोष्ट परवानगी मागत नाही, आणि अशा दहा-बारा गोष्टी एकत्र केल्या की कोणताही आयडी नसताना फोन बराचसा ओळखता येतो. यालाच फिंगरप्रिंटिंग म्हणतात. एक अडचण सांगून ठेवतो: अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. हे चालू असेल तर दुसरं व्हीपीएन चालणार नाही.

नवीन ॲप टाकण्याआधी त्यात किती ट्रॅकर आहेत ते बघायचं असेल, तर एक्झोडस प्रायव्हसी ही फ्रान्समधली ना-नफा संस्था अँड्रॉइड ॲप्सची तपासणी करून यादी देते. मी दुकानात आता हेच उघडून दाखवतो.

जी ॲप्स टाळताच येत नाहीत पण विश्वास नाही, ती वेगळ्या खोलीत ठेवा. अँड्रॉइड १५ मध्ये प्रायव्हेट स्पेस आहे. जुन्या फोनवर शेल्टर नावाचं मोफत ॲप वर्क प्रोफाइल, म्हणजे त्याच फोनमध्ये ॲप्ससाठी वेगळा कप्पा, करून देतं. अँड्रॉइड आयडी प्रत्येक प्रोफाइलला वेगळा असतो, त्यामुळे आतलं ॲप बाहेरच्या ॲपपेक्षा वेगळा क्रमांक बघतं, आणि बाहेरचे संपर्क त्याला दिसत नाहीत.

वेबसाइटचं काय

सरांचा समज होता की इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची इतिहास न ठेवणारी खिडकी, उघडलं की आपण अदृश्य. इनकॉग्निटो घरातल्या माणसांपासून इतिहास लपवतं, साइटपासून फोन लपवत नाही. ब्राउझरच्या ओळखीवर २०१० साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने मोठी पाहणी केली. चार लाख सत्तर हजारांहून जास्त ब्राउझर तपासले, आणि त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. नाव नाही, लॉगिन नाही, नुसत्या सेटिंग्जवरून. त्याच संस्थेच्या कव्हर युअर ट्रॅक्स या पानावर आजही स्वतःचा फोन तपासता येतो, जरूर तपासा.

काही सुधारणा झाल्यात. अँड्रॉइडवरचं क्रोम २०२३ पासून साइटला आपणहून मॉडेल सांगत नाही. कोणताही फोन असो, सरसकट "अँड्रॉइड १०" आणि मॉडेलच्या जागी नुसतं "के" असं लिहून जातं. पण साइटने वेगळं विचारलं तर मॉडेल सांगतं. म्हणजे दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही.

जून २०२५ मध्ये बाहेर आलेली गोष्ट तर प्रत्येक अँड्रॉइडवाल्याने माहीत करून घ्यावी अशी आहे. स्पेनमधली इम्देआ नेटवर्क्स, नेदरलँड्समधलं राडबाउड विद्यापीठ आणि बेल्जियममधलं ल्यूवेन विद्यापीठ इथल्या संशोधकांनी दाखवलं, की फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲप्स फोनच्या आतल्या आतच एक कान उघडा ठेवून बसत होती. या दोन्ही ॲप्सची मालक कंपनी मेटा. तिचा पिक्सेल, म्हणजे भेटींची नोंद ठेवणारा छोटा कोड, बसवलेली साइट ब्राउझरमध्ये उघडली, की तो कोड त्या कानात कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण, सांगायचा. ॲपमध्ये आपण नावाने लॉगिन असतोच. म्हणजे इनकॉग्निटो असो, कुकी पुसलेली असो, जाहिरात आयडी बदललेला असो, साइटवरची भेट थेट नावाशी जोडली जायची. यांडेक्स ही रशियन कंपनी असाच प्रकार २०१७ पासून करत होती. प्रकरण उघड झाल्यावर मेटाने ते थांबवलं. यातून मी घेतलेला उपाय साधा आहे: सोशल मीडियाचं ॲप फोनमध्ये ठेवायचंच नाही, ब्राउझरमधून वापरायचं. आतला कानच नसेल तर सांगणार कोणाला? सरांना हे जड गेलं, पण फेसबुक काढलं.

ब्राउझर कोणता, तर रोजच्या वापराला ब्रेव्ह किंवा फायरफॉक्स. ब्रेव्ह फिंगरप्रिंटच्या उत्तरांत प्रत्येक साइटला थोडी वेगळी भेसळ करतं, त्यामुळे दोन साइटना तोच फोन जुळवणं अवघड होतं. फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवतं. तब्येतीचं किंवा घरगुती भांडणाचं काही वाचायचं असेल तर टॉर ब्राउझर वापरा. हळू चालतं, पण त्या कामाला तेच योग्य.

इथे हौशी पोरांना एक कळकळीची विनंती. खोटी ओळख दाखवणारी सेटिंग्ज दहा ठिकाणी बदलू नका. फोन म्हणतो मी विंडोजचा कॉम्प्युटर आहे आणि स्क्रीनची रुंदी मात्र हातभर नाही, बोटभर! असा फोन गर्दीत उलट उठून दिसतो. लपायचं असेल तर चारचौघांसारखं दिसायचं.

"डिव्हाइस आयडी बदला" म्हणणारी ॲप्सही नकोत. बहुतेकांना फोन रूट करावा लागतो, म्हणजे कंपनीने लावलेली आतली कुलपं तोडावी लागतात, आणि रूट केलेल्या फोनवर बँकेची आणि यूपीआयची ॲप्स बऱ्याचदा चालायला नकार देतात. ते योग्यच आहे. यूपीआय सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि नंबर त्या फोनला बांधला जातो. तिथे फोनची ओळख ही तुमच्या पैशाची राखण आहे. बँकेपासून फोन लपवू नका.

व्हीपीएनने फक्त आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा पत्ता, बदलतो. लॉगिन, आयडी, फिंगरप्रिंट तसंच राहतं. फुकटचं व्हीपीएन तर तुम्ही कोणकोणत्या साइटवर जाता ते स्वतः बघू शकतं.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात. एप्रिल २०२१ च्या आयओएस १४.५ पासून ॲपला ट्रॅकिंगसाठी विचारावं लागतं. गोपनीयतेत ट्रॅकिंग उघडून "विनंती करू द्या" हेच बंद करा. तरी ॲप काढून परत टाकल्यावरही ते ओळखत असेल तर कारण बहुधा कीचेन, म्हणजे आयफोनची पासवर्ड वगैरे ठेवायची तिजोरी. त्यात ॲपने ठेवलेला क्रमांक ॲप गेल्यावरही उरतो. शिवाय ॲपल प्रत्येक कंपनीला दर फोनमागे दोन बिट, म्हणजे हो किंवा नाही अशा दोन खुणा, लिहून ठेवू देतं, त्या फोन फॉरमॅट करूनही जात नाहीत. "मोफत चाचणी तुम्ही आधीच वापरली" हे नव्या खात्यालाही कळतं ते यामुळे असू शकतं. त्याला आपल्या हातात उपाय नाही. तो क्रमांक नसतो, त्यावरून माणूस शोधता येत नाही, त्यामुळे मी त्याची काळजी करत नाही.

आणि तरीही जाहिरात आली तर

सरांचा फोन तीन आठवडे शांत होता. मग त्यांचा फोन आला, "दादा, यूट्यूबवर परत दिसली." बाकी कुठेच नाही, फक्त यूट्यूबवर. हा चांगला पुरावा होता. जाहिरात एकाच कंपनीच्या जागेत दिसते म्हणजे फोनची ओळख नाही, खात्याची ओळख बोलतेय. गूगल खात्यात सुरक्षा, त्यात "तुमची डिव्हाइस" उघडायला सांगितलं. यादीत दोन फोन होते.

दुसरा त्यांच्या आईंचा. दोन वर्षांपूर्वी तो फोन घेतला तेव्हा घाईत सरांचंच खातं टाकून दिलं होतं. आपल्याकडे घरोघरी हेच असतं. आजी दिवसभर त्यावर भजनं ऐकतात. मध्ये जाहिरात आली की ती घालवायला स्क्रीनच्या मधोमध बोट ठेवतात. म्हणजे प्रत्येक वेळी जाहिरातच उघडते, आणि सरांच्या खात्यात नोंद होते की या माणसाला कर्जात रस आहे. त्यात थांबवलेला इतिहास आणि बंद केलेल्या वैयक्तिक जाहिराती, दोन्ही त्या फोनवरून "चालू करा" म्हणून कधीतरी पुन्हा चालू झालेलं.

पुढच्या रविवारी सर आईंना घेऊनच दुकानात आले. आजींसाठी नवं खातं काढलं, त्यांचे संपर्क फाईलमध्ये काढून तिकडे नेले, जुनं खातं त्या फोनवरून काढलं, जाहिरात आयडी हटवला. सरांच्या खात्यातला इतिहास पुन्हा एकदा पुसला आणि वैयक्तिक जाहिराती दोन्ही खात्यांत बंद केल्या. आजींना एकच काळजी होती. "माझी भजनं जातील का रे बाळा?" यादी जुन्या खात्यात होती, ती जाणारच होती. मग त्यांनी एकेका भजनाची पहिली ओळ म्हणून दाखवली आणि मी ती शोधून नव्या खात्यात लावत गेलो. बावीस भजनं झाली.